निळी फवारणी, तांबूस साल

मुंबई-गोवा महामार्गानं खेड मागे टाकून चिपळूणकडे निघालं, की परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे लागतं. बाहेरच्या माणसाला हे नाव ठाऊक असतं ते औद्योगिक वसाहतीमुळे. रसायनांचे कारखाने, टँकरांची वर्दळ, आणि त्याच वसाहतीत शेतीची कीडनाशकं तयार करणारे कारखानेही. महामार्ग सोडून गुणदे, धामणदेवी, आवाशीच्या वाड्यांकडे वळलं, की मात्र कोकणातलं नेहमीचं चित्र दिसतं: जांभ्याचे गडगे, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेल्या पोफळी, दोन-चार माड, केळीचं बेट आणि विहिरीच्या कडेला एखादं कागदी लिंबाचं झाड. कुणाच्या परसात ईडलिंबू, कुणाच्या परसात पपनस.

पाऊस सुरू होण्याच्या सुमारास या परसांत आणि आगरांत निळा रंग दिसू लागतो. प्लॅस्टिकच्या पिंपात मोरचूद भिजत घातलेलं असतं, शेजारी चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आली, की आभाळी रंगाचं दाट पाणी तयार होतं. हेच बोर्डो मिश्रण. पोफळीवर ते कोळेरोगासाठी फवारतात, माडाच्या शेंड्यात कोंब कुजू नये म्हणून घालतात, आणि पंपात उरलंसुरलं लिंबावरही मारून घेतात, कारण लिंबाला खैऱ्या रोग झालेला असतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इतक्या ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू यांच्याशी झुंजायचं, तर मोरचुदातल्या तांब्यावाचून बागायतदाराचं पान हलत नाही.

पण लिंबाच्या झाडावर या फवारणीनंतर कधीकधी एक वेगळीच गोष्ट घडते. खैऱ्या आटोक्यात येतो, आणि फळाची साल मात्र रया जाऊन खरबरीत होते. हिरव्या सालीवर आधी राखट छटा येते, मग ती तांबूस-तपकिरी होत जाते. बागायतदाराला वाटतं, नवाच रोग आला. तो पुन्हा मोरचूद भिजवतो. इथेच चूक होते, कारण हा रोग नसतो. ती एक कीड असते, आणि निळ्या पाण्यानं तिचं काहीच बिघडत नाही. उलट, तिच्या वैऱ्याचा मात्र त्यानं काटा निघतो.

या किडीला मराठीत नाव आहे कोळी. जाळं विणणारा तोही कोळी, आणि झाडाचा रस शोषणारा हाही कोळी. नावातला हा सारखेपणा निराधार नाही. दोघंही अष्टपाद वर्गातले, कीटकांच्या सहा पायांच्या कुळाबाहेरचे. (पोफळीच्या कोळेरोगाचा मात्र या कोळ्याशी संबंध नाही. तिथलं ‘कोळे’ कानडीतून आलेलं, त्याचा अर्थ कुजणं. बागायतदारांच्या बोलण्यात ही दोन नावं इतकी जवळजवळ येतात, की कोळ्यासाठी बोर्डो मारलं असं कुणी सांगितलं, तर कशासाठी मारलं ते दोनदा विचारून घ्यावं लागतं.) लिंबूवर्गीय फळांवर साल तांबूस करणारा जो कोळी येतो, तो मात्र या कुळातही वेगळा आहे. त्याला आठ नव्हे, चारच पाय असतात. लांबी मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. रंग फिकट पिवळा, आकार गाजरासारखा एका टोकाला निमुळता. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. फार झाले, की फळावर पिवळसर धूळ बसल्यासारखी वाटते, तेवढंच.

कोकणात लिंबूवर्गीय फळं परसापुरती आहेत. या किडीचा खरा फटका बसतो तो वऱ्हाड-नागपूरच्या संत्र्याला आणि मराठवाड्याच्या मोसंबीला. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात संत्रा उत्पादक तिला ‘लाल्या’ म्हणतात. जालना, अंबड, पैठणकडचे मोसंबीवाले ‘मंगू’ म्हणतात. मंगू लागलेली मोसंबी आतून चांगली असते, रस असतो, गोडीही असते. पण व्यापारी फळाची साल बघतो. आडत्याकडे ढीग ओतला, की तांबूस फळं वेगळी काढली जातात आणि त्यांचा भाव वेगळा बोलला जातो. २०१४ साली नागपुरी संत्र्याला आणि २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं, आणि ते टिकवायचं तर सालीवरचा एक डागही महाग पडतो.

हा कोळी नेमकं करतो काय? त्याच्या शास्त्रीय नावात ‘तेल खाणारा’ असा अर्थ दडलेला आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १८७९ साली अ‍ॅशमीड यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा तो सालीतलं सुगंधी तेल पितो, अशी समजूत होती. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळलं, की त्याची सोंड इतकी तोकडी आहे, की तेलाच्या पुटकुळ्यांपर्यंत ती पोचतच नाही. तो सालीच्या अगदी वरच्या थरातल्या पेशी टोचतो आणि त्यांतला रस शोषतो. मेलेल्या पेशी तपकिरी पडतात. फळ लहान असताना हे घडलं, तर वाढत्या फळाबरोबर तो मेलेला थर ताणला जातो, फाटतो आणि साल खरबरीत होते. उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत त्याला सात ते दहा दिवस पुरतात. आज दहा दिसले म्हणून दुर्लक्ष केलं, तर महिन्याभरात मोजदाद करता येत नाही.

मग इतक्या वेगानं वाढणारा जीव दरवर्षी सगळ्याच बागा का खात नाही?

हा प्रश्न सगळ्यांत आधी फ्लोरिडात पडला. तिथली हवा उष्ण, दमट, उन्हाळ्यात पाऊस. म्हणजे आपल्या कोकणाशी बरंच साम्य. तिथल्या बागायतदारांनी पाहिलं, की पावसाळा जोरात सुरू झाला की कोळ्यांची संख्या एकाएकी कोसळते. फवारणी न करता, आपोआप. आणि बोर्डो फवारलेल्या झाडांवर मात्र ती तशी कोसळत नाही. १९२४ साली स्पीअर आणि योदर्स या दोघा संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रश्न उपस्थित केला: या कोळ्याला मारणारी एखादी बुरशी फ्लोरिडात आहे काय? उत्तर पक्कं व्हायला पंचवीस वर्षं लागली. ती बुरशी सापडली, वाढवली गेली, आणि १९५० साली फिशर यांनी तिचं बारसं केलं: हिर्सुटेला थॉम्पसोनाय.

या बुरशीची शिकार करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ती कोळ्याच्या मागे धावत नाही. पानाच्या पृष्ठभागावर बारीक तंतू पसरते आणि त्यांवर चिकट लेप असलेले बीजाणू उभे करते. कोळी तिथून चालत जातो, पायाला बीजाणू चिकटतो. ओल मिळाली, की बीजाणूला अंकुर फुटतो, तो कोळ्याच्या अंगात शिरतो, आणि दोन-तीन दिवसांत कोळी मरतो. मग मेलेल्या कोळ्याच्या देहातून तंतू बाहेर येतात आणि पानावर नवा सापळा मांडतात. कोळ्यांची गर्दी जितकी जास्त, तितकी साथ जोरात. माणसांच्या गर्दीत पटकी पसरायची, तसंच हे. मात्र हे सगळं घडायला पान ओलं राहावं लागतं आणि हवा उबदार असावी लागते.

आता त्या पानावर मोरचुदाचा थर आहे असं समजू या. तांबं बुरशीला कसं मारतं? पानावर सुकलेल्या बोर्डोच्या पापुद्र्यातून, पाणी पडलं की तांब्याचे कण थोडे थोडे विरघळतात. रुजू पाहणारा बीजाणू ते शोषून घेतो, आणि त्याच्या जगण्याला लागणारी विकरं निकामी होतात. तांब्याला चांगली बुरशी आणि वाईट बुरशी यांतला फरक कळत नाही. पोफळीचा कोळेरोग करणाऱ्या फायटोफ्थोराचा बीजाणू ज्या पद्धतीनं मरतो, त्याच पद्धतीनं हिर्सुटेलाचाही मरतो. आणि कोळी? तो पानावरचा थर खातच नाही. तो सालीत सोंड खुपसून आतला रस पितो. वरचं तांबं वरच राहतं, कोळी खाली जेवतो.

म्हणजे रोगासाठी फवारलेल्या औषधानं किडीचा रोग बरा केला.

यात एक बारकावा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. १९४० च्या दशकात फ्लोरिडातच खवले किडीवर झालेल्या कामात दिसलं, की बोर्डोनंतर कीड वाढते त्याला नुसती बुरशी मरणं हेच कारण नसतं. पानावर बसलेला कुठलाही भुकटीसारखा थर, अगदी तांबं नसलेलाही, काही किडींना फावतो. म्हणजे साखळी एकपदरी नाही. शिवाय हवा कोरडी असेल, तर हिर्सुटेला तशीही निपचित असते. अशा वेळी तांबं मारलं काय आणि न मारलं काय, कोळ्याच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. वरूडच्या बागेत सप्टेंबरनंतर पाऊस ओढ देतो, ऑक्टोबरचं ऊन तापतं आणि लाल्या उसळतो. तिथे खापर एकट्या मोरचुदावर फोडणं चुकीचं ठरेल. पण जिथे ओल आहे, बुरशीला काम करायला वाव आहे आणि तिथेच तांब्याच्या फवारण्याही सर्वांत जास्त होतात, तिथे तांब्यानं होणारं नुकसान सर्वांत जास्त. कोकण नेमकं असं आहे.

कोकणाला या गोष्टीची आणखी एक ओळख आहे, आणि ती लिंबापेक्षा कितीतरी मोठी. १९९८ साली केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात नारळावर एक नवा कोळी आढळला आणि पाहता पाहता पश्चिम किनाऱ्यानं वर सरकत कोकणातही आला. आपल्याकडे तो ‘इरिओफाइड कोळी’ या इंग्रजी नावानंच ओळखला जातो. नारळाच्या टोपीखाली, देठाच्या बाजूला तो लपतो. तिथून खाली पांढुरके, मग तपकिरी त्रिकोणी चट्टे उतरतात, सोडणाला भेगा पडतात, नारळ बारका राहतो. कोकणातल्या ज्या घरात माड आहे, त्या घरानं हे चट्टे पाहिलेले आहेत. हा कोळी आणि संत्र्यावरचा लाल्याचा कोळी हे एकाच कुटुंबातले. दोघंही चार पायांचे, दोघंही डोळ्यांना न दिसणारे. आणि दोघांना मारणारी बुरशीही एकच, हिर्सुटेला. बंगळूरच्या जैविक कीड नियंत्रण प्रकल्प संचालनालयानं माडावरच्या कोळ्यासाठी तिच्यापासून ‘मायकोहिट’ नावाचं उत्पादन तयार केलं. अमेरिकेत त्याआधीच अ‍ॅबट कंपनीनं लिंबूवर्गीय बागांसाठी ‘मायकार’ बाजारात आणलं होतं. दोन्हींची अडचण सारखी: ही बुरशी नाजूक आहे. बाटलीत, उन्हात, दुकानाच्या फळीवर ती फार काळ तग धरत नाही. मायकार काही वर्षांतच बाजारातून गेलं.

बाटलीतली बुरशी टिकत नाही, म्हणून झाडावर आधीपासून फुकट असलेली सांभाळणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग उरतो. माडाच्या शेंड्यात बोर्डो घालताना, पोफळीवरून लिंबावर पंप वळवताना हे ध्यानात ठेवायला हवं.

याचा अर्थ मोरचूद वाईट, असा मुळीच नाही. या निळ्या पाण्यानं माणसाची शेती किती वेळा वाचवली, याचा इतिहास मोठा आहे. १८८२ साली फ्रान्समध्ये बोर्दो विद्यापीठाचे प्राध्यापक मियार्दे द्राक्षमळ्यांतून फिरत होते. केवडा रोगानं वेली करपून गेल्या होत्या, पण रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत होती. चौकशी केली, तर मळेवाल्यानं सांगितलं, की वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडून ती विषारी दिसतील असं केलं आहे. १८८५ साली मियार्दे यांनी हे मिश्रण जगापुढे ठेवलं. पुढे पंचवीसेक वर्षांत लेस्ली कोलमन या कॅनेडियन शास्त्रज्ञानं म्हैसूर संस्थानात पोफळीच्या कोळेरोगावर ते वापरून दाखवलं, आणि मलनाडपासून कोकणापर्यंतच्या बागायतदारांची सुपारी पावसाळ्यात गळायची थांबली. आजही संत्र्याच्या डिंक्यावर खोडाला बोर्डो मलम लावणं, फळगळ करणाऱ्या फायटोफ्थोरावर फवारणी करणं, लिंबाच्या खैऱ्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड मारणं, यांना चांगला पर्याय नाही. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था असो की अकोला, परभणी, दापोलीची कृषी विद्यापीठं, शिफारशींतून तांबं गेलेलं नाही, आणि जाऊही नये.

प्रश्न आहे तो सवयीनं मारलेल्या तांब्याचा. पंप भरलाच आहे म्हणून मारलं. शेजाऱ्यानं मारलं म्हणून मारलं. फळ तांबूस दिसलं म्हणून मारलं. या तिसऱ्या कारणात तर दुहेरी नुकसान आहे, कारण कडक उन्हात तांब्याचा जास्त मारा झाला, तर त्यानंच फळाच्या सालीवर काळपट ठिपके पडतात. कोळ्याचे डाग, तांब्याचे डाग, खैऱ्याचे फोड, सगळं एकाच सालीवर. मग काय कशामुळे झालं, हे उलगडणं कठीण.

शिवाय तांबं हा धातू आहे. इतर बहुतेक औषधं ऊन-पावसानं विघटन पावतात. तांबं पावत नाही. पानावरून धुतलं जातं आणि मातीत जाऊन बसतं, दर वर्षी थोडं अधिक. जमीन आम्लधर्मी असली, की ते जास्त विरघळतं आणि मुळांना बाधू लागतं. फ्लोरिडातल्या जुन्या बागांनी हे भोगलं आहे. कोकणची जांभ्याची माती आम्लधर्मीच. युरोपीय संघानं २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलोंहून जास्त तांबं वापरायचं नाही, अशी मर्यादा घातली ती याच चिंतेतून.

मग लिंबाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या माणसानं करायचं काय? आधी बघायचं. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घड्याळजी आणि सोनार रोज वापरतात. ते फार महाग नसतं. सावलीतल्या बाजूचं, वाटाण्यापासून लिंबाएवढं झालेलं हिरवं फळ तोडून भिंगाखाली धरायचं. सालीवर हळू सरकणारे पिवळसर कण दिसले, तर तो कोळी. पानावर खैऱ्याचे खरबरीत, पिवळ्या वलयाचे फोड असतील, तर ते काम तांब्याचं. दोन्ही असतील, तर खैऱ्यासाठी तांबं मारताना पुढचे तीन-चार आठवडे दर आठवड्याला भिंग लावायचं, कारण कोळ्याचा पहारेकरी आपणच उठवून लावलेला आहे. कोळी वाढताना दिसला, तर पाण्यात मिसळणारं गंधक हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. पण ऊन कडक असताना ते मारलं तर पानं भाजतात, आणि तेलाच्या फवारणीला लागून तर ते अजिबात मारायचं नाही. गंधकानं कोळी खाणारे परभक्षी कोळीही मरतात, म्हणून तेही गरजेपुरतंच. एकेकाळी कोळ्यावर सर्रास वापरलं जाणारं डायकोफॉल २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. कुणाच्या पडवीत जुनी बाटली पडून असेल, तर ती तशीच राहू द्यावी.

आणि बोर्डो करायचंच, तर नीट करावं. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. लोखंडी भांडं वापरायचं नाही. दोन्ही द्रावणं वेगवेगळी करून मग एकत्र ओतायची, आणि त्यात स्वच्छ विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळं आहे, चुना वाढवायला हवा. तयार झालेलं त्याच दिवशी संपवायचं. आपल्या आजोबांना ही विळ्याची परीक्षा येत होती. आता पुडीतून आयतं मिळतं, पंपात टाकलं की झालं. आणि आयतं मिळालं, की किती आणि कशासाठी, हा विचार मागे पडतो. लोट्याच्या वसाहतीतून बाहेर पडणारं औषध असो की जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेलं, पंपाचा दांडा हलवायचा की नाही, हे ठरवणारा माणूस मात्र आगरातच उभा असतो.

त्यानं पुढची फवारणी करण्याआधी एक फळ तोडून भिंगाखाली धरावं, एवढंच सांगणं आहे. एकदा तांबूस झालेली साल कुठल्याही औषधानं पुन्हा हिरवी होत नाही.